अरबीतलं “माझं-तुझं”: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सीताबर्डीला संध्याकाळी आमचा अरबीचा छोटासा वर्ग भरतो. आखातात नोकरीला निघालेल्या नर्सबाई, एसी-कूलरची कामं करणारी दोन पोरं, मोमिनपुऱ्यातून येणाऱ्या दोघी बहिणी, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. बहिणींचं कुराणवाचन लहानपणीच झालंय, व्याकरण तेवढं राहिलं. काकांना डोकं गंजू द्यायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात “माझं, तुझं, त्याचं” निघतं आणि दर बॅचला तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदाची इथं लिहून ठेवते.

वाचण्याआधी एवढं लक्षात असू द्या. क़, ख़, ग़ यांच्याखालचं टिंब म्हणजे तो उच्चार घशाच्या मागून येतो. ‘ ही खूण जिथं दिसेल तिथं अरबीतला “ऐन” आहे, घसा आवळून काढलेला आवाज. आणि शब्दाच्या शेवटचा “अ” मराठी सवयीनं गिळायचा नाही, निदान शिकताना तरी नाही. “किताबुक” मधला शेवटचा क पूर्ण म्हणा.

अरबीत “माझं” ला शब्द कोणता?

सुटा शब्द नाहीच. प्रत्यय आहे, आणि तो नामाच्या शेवटी चिकटतो. किताब म्हणजे पुस्तक, किताबी म्हणजे माझं पुस्तक. पुरुषाशी बोलताना “तुझं पुस्तक” किताबुक, बाईशी बोलताना किताबुकि. त्याचं ते किताबुहु, तिचं ते किताबुहा, आमचं ते किताबुना. पुढे अनेकवचनं: पुरुषांचा किंवा मिश्र घोळका समोर असेल तर किताबुकुम, फक्त बायका असतील तर किताबुकुन्न. त्यांचं म्हणजे किताबुहुम, आणि त्या सगळ्या बायकाच असतील तर किताबुहुन्न. दोघांसाठी वेगळे दोन आहेत, किताबुकुमा आणि किताबुहुमा. सगळे मिळून १२.

बारा ऐकून घाबरू नका. पहिल्या महिन्यात ई, क, कि, हु, हा, ना एवढे सहा आले की घरातलं बोलणं भागतं.

अरबी व्याकरणात सर्वनामाला “दमीर” म्हणतात. उर्दू-हिंदीत याच शब्दाचा उच्चार “जमीर” होतो. सिनेमातल्या नायकाचा जागा होतो तोच जमीर. मूळ अर्थ आत दडलेलं असं काहीतरी. चिकटणाऱ्या सर्वनामाला “दमीर मुत्तसिल” हे नाव आहे. काकांना ते फार आवडलं, बाकीच्यांनी पाठ नाही केलं तरी चालेल.

हे प्रत्यय आधी कुठं ऐकलेत का आम्ही?

रोज ऐकता. “अस्सलामु ‘अलैकुम” मधला कुम म्हणजे तुम्ही, म्हणजे “तुम्हांवर शांती असो”. पूर्ण सलाम “…व रहमतुल्लाहि व बरकातुहु” असा जातो, त्यातल्या शेवटच्या हु चा अर्थ “त्याच्या”: बरकातुहु, त्याच्या कृपा. “मौलाना” हा तर अख्खा शब्दच मौला अधिक ना असा आहे, “आमचे स्वामी”. शाळेत मौलाना अबुल कलाम आझादांचा धडा वाचला तेव्हाच तुम्ही अरबी “आमचा” वापरून झालात. बोहरा मंडळी आपल्या धर्मगुरूंना “सय्यदना” म्हणतात, तोही हाच ना. गाण्यांमधलं “हबीबी” म्हणजे माझ्या प्रिया; बाईला म्हणायचं तर “हबीबती”. त्यात मध्येच त कुठून आला, ते पुढे सांगते.

मराठीत माझा भाऊ, माझी वही, माझं पुस्तक. अरबीत वस्तूप्रमाणे प्रत्यय बदलतो का?

नाही. इथं सगळ्यांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून बघू.

मराठी दोन्हीकडे बघते. “तिची वही” म्हणताना “ति” मालकिणीकडे बघतो आणि “ची” वहीकडे. अरबी फक्त मालकाकडे बघते. वही असो, बैल असो, बंगला असो, मालकीण बाई असेल तर हा, पुरुष असेल तर हु. बैतुहा तिचं घर, अख़ूहा तिचा भाऊ, उम्मुहा तिची आई. तिन्हीकडे तोच हा. मराठीत इथं घर, भाऊ आणि आई बघून तीन रूपं करावी लागली.

आपल्याकडे तर घराबाहेर “माझा-माझी” आणि घरात “माहा-माही”, म्हणजे नागपूरकराची दुप्पट सवय मोडावी लागते. पोट्टे हमखास विचारतात, “मॅडम, वही बाईची आहे, पण वही पण स्त्रीलिंगी आहे, मग काय लावू?” वहीचं लिंग विसरा. कोणाची आहे ते बघा.

दहावीला संस्कृत घेतलेल्यांना हे लवकर पटतं. “तस्य गृहम्, तस्य शाला, तस्य पिता” यात तस्य बदलत नाही, मालक बाई झाली की “तस्याः” होतं. अरबीचा हिशोब तोच आहे. रामटेकला कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ ज्या जिल्ह्यात आहे, तिथं एवढी ओळख तर हवीच.

“तुझं” ला दोन रूपं का? मराठीत तर “तुझं” एकच आहे.

कारण मराठीत “तुझं” म्हणताना समोर पुरुष आहे की बाई, हे सांगायची गरज पडत नाही. अरबीत पडते. पुरुषाला “मा इस्मुक?”, बाईला “मा इस्मुकि?”, दोन्हीचा अर्थ “तुझं नाव काय?” हालचाल विचारताना पुरुषाला “कैफ़ हालुक?”, बाईला “कैफ़ हालुकि?”. हाल म्हणजे स्थिती. मराठीत आल्यावर या शब्दानं बरेच हाल सोसले आणि त्याचा अर्थच कष्ट झाला.

मी स्वतः शिकत होते तेव्हा आमच्या बाईंना पहिला अख्खा महिना “कैफ़ हालुक” म्हणत होते. त्या रोज “बिख़ैर” म्हणायच्या आणि माझा कि यायची वाट बघायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी मलाच “कैफ़ हालुक?” विचारलं आणि गप्प बसून राहिल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

नर्सबाईंसाठी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर: “हल ‘इन्दक अलम?”, म्हणजे दुखतंय का? रुग्ण बाई असेल तर “हल ‘इन्दकि अलम?”. चुकलात तरी रुग्णाला कळेल, पण म्हाताऱ्या आजीला पुरुष केल्याचं जाणवेल.

हक़ीबा म्हणजे बॅग. मग माझी बॅग “हक़ीबाई” का नाही? “हक़ीबती” का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

अरबीतली बरीच स्त्रीलिंगी नामं “आ” नं संपतात: हक़ीबा बॅग, सय्यारा गाडी, ग़ुर्फ़ा खोली, मदरसा शाळा. लिहिताना शेवटी एक खास अक्षर येतं, गोल, डोक्यावर दोन टिंबं असलेलं. त्याचं नाव “ता मरबूता”, म्हणजे बांधलेला त. शब्द एकटा असतो तेव्हा हा त गप्प असतो. मागे प्रत्यय चिकटला की गाठ सुटते, त बोलू लागतो आणि लिहितानाही त्याच्या जागी साधा उघडा त येतो. हक़ीबती, सय्यारती, ग़ुर्फ़ती, मदरसती. “हबीबती” मधला त हाच.

तर मराठी माणसाला हा दडलेला त नवीन नाही. किंमत, इमारत, हरकत, मेहनत, दौलत, इज्जत, फुरसत, तब्येत हे शब्द बघा. सगळे मूळचे अरबी, आणि अरबीत एकटे उभे असताना ते क़ीमा, ‘इमारा, हरका, मिहना, दौला, ‘इज़्ज़ा, फ़ुर्सा, तबी‘आ असे आहेत. फारसीनं ते उचलताना दडलेल्या त सकट उचलले आणि फारसीच्या हातून ते आपल्याकडे आले. म्हणून अरब “‘इमारा” म्हणतो आणि आपण “इमारत”. पण “आमची इमारत” म्हणायची वेळ आली की अरबालाही त काढावाच लागतो: ‘इमारतुना. त्याची किंमत: क़ीमतुहु. ऐकल्यावर आपल्याला वाटतं, हा तर आपलाच शब्द.

अर्थ मात्र जसाच्या तसा धरू नका. अरबीत हरका म्हणजे हालचाल, मिहना म्हणजे कसोटीचा प्रसंग, दौला म्हणजे राज्य, फ़ुर्सा म्हणजे संधी. आपण फुरसतीत बसतो, ते फ़ुर्सा शोधतात.

आणि दर वेळी फारसीनं त राखला असंही नाही. क़ल‘आ चा “किल्ला” झाला, मदरसा “मदरसा”च राहिला. पण अरबीत सीताबर्डीच्या किल्ल्याला “आमचा किल्ला” म्हणालात तर क़ल‘अतुना, त हजर. उलट “वक्त” सारख्या शब्दातला त मुळातलाच आहे, तो बांधलेला नव्हे. अरबीत एकटा असताना “आ” नं संपतो का, एवढं विचारा.

शहराला अरबीत मदीना म्हणतात. आमचं शहर नागपूर: मदीनतुना नागपूर. पहिल्या परीक्षेत एवढं तरी सगळ्यांना येतं.

“अल-किताबी” म्हटलं तर चालेल का?

नाही. “अल” म्हणजे ते विशिष्ट, ठरलेलं. “माझं” म्हटलं की वस्तू ठरलीच, मग पुन्हा अल कशाला? अल-किताब किंवा किताबी, दोन्हीतलं एकच.

खरी गंमत विशेषण आल्यावर होते. “बैतुना कबीर” म्हणजे आमचं घर मोठं आहे. “बैतुना अल-कबीर” म्हणजे आमचं मोठं घर, आणि वाक्य अजून संपलेलं नाही, ऐकणारा पुढची वाट बघतोय. प्रत्ययामुळे बैतुना ठरलेलं झालं, म्हणून त्याच्याशी जोडलेल्या विशेषणालाही अल घ्यावा लागतो. अल नसेल तर ते विशेषण विधान होऊन बसतं. अरबीला वर्तमानकाळात “आहे” लागत नाही, त्यामुळे सगळा भार त्या एका अल वर पडतो. प्रत्यक्ष म्हणताना दोन स्वर एकमेकांत मिसळतात आणि “बैतुनल-कबीर” असं ऐकू येतं.

विशेषण मात्र नामाचं लिंग बघतं, मालकाचं नाही: सय्यारती अल-जदीदा, माझी नवी गाडी. म्हणजे वर “वस्तूचं लिंग विसरा” म्हटलं ते फक्त प्रत्ययापुरतं. विशेषणापाशी ते आठवावंच लागतं. या दोन्हींची सरमिसळ होते, होऊ द्या, दोन आठवड्यांत बसते.

“माझा एक मित्र” कसं म्हणू?

सदीक़ी म्हटलं की “तो माझा मित्र”, ठरलेला. कोणीतरी एक मित्र हवा असेल तर “सदीक़ ली”, शब्दशः मला असलेला एक मित्र. अनेकांपैकी एक असं सांगायचं तर “अहद असदिक़ाई”.

“हे माझं पुस्तक” आणि “माझं हे पुस्तक” यांत फरक आहे का?

मराठीसारखाच आहे. “हाज़ा किताबी”: हे माझं पुस्तक आहे. “किताबी हाज़ा”: माझं हे पुस्तक, पुढं काहीतरी सांगायचंय. शब्दांचा क्रमही बघा, आपल्यासारखाच उलटतो. असं फुकटचं काही मिळालं की घेऊन टाकावं.

“माझ्याकडे गाडी आहे” यातलं “माझ्याकडे” कसं सांगायचं?

इथं मराठी माणसाची चंगळ आहे. “मी गाडी बाळगतो” अशी वाक्यं आपण रोज बोलत नाही, अरबही बोलत नाहीत. आपण मालकी विभक्तीनं सांगतो, ते शब्दयोगीला तेच प्रत्यय लावून सांगतात. आणि आपली तीन वळणं त्यांच्या तिन्हीशी बरीच जुळतात.

“मला एक भाऊ आहे”: ली अख़. नातं, किंवा जे आपलं आहेच ते.

“माझ्याकडे गाडी आहे”: ‘इन्दी सय्यारा. मालकीची वस्तू, ती आत्ता घरी उभी असली तरी. वेळ ठरलेली असली तरी हेच: ‘इन्दी मौ‘इद.

“माझ्याजवळ आत्ता पेन आहे”: म‘ई क़लम. म‘अ म्हणजे सोबत. पोलिसानं रस्त्यात लायसन्स मागितलं आणि ते घरी कपाटात असेल, तर “‘इन्दी” खरं आहे पण “म‘ई” खोटं.

इंग्रजीतून अरबी शिकवणारी पुस्तकं या तिन्हीला एकाच शब्दात कोंबतात आणि मग फरक समजावत बसतात. तुम्ही मनात मराठी वाक्य नीट म्हणा, बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळेल.

बाकी रूपं तशीच चालतात: ‘इन्दक, ‘इन्दकि, ‘इन्दहु, ‘इन्दहा, ‘इन्दना. ली ची रूपं लक, लकि, लहु, लहा, लना. नाही म्हणायचं तर पुढं लैस लावा: लैस ‘इन्दी सय्यारा.

“माझंच आहे ते”, असं नुसतं “माझं” म्हणता येतं का?

पुस्तकी अरबीत सुटं “माझं” नाही. “लिमन हाज़ा?”, हे कोणाचं? उत्तर “ली”, किंवा पूर्ण “हाज़ा किताबी”. बोलीत सोय आहे, ती खाली सांगते.

“आमचं” आणि “आपलं” यात अरबी फरक करते का?

नाही. दोन्हींना ना. “आमच्या घरी ये” आणि “आपल्या घरी जाऊ” यातला ना तोच.

शिवाय आपल्या “आपला” चं दुसरं काम, “तो आपल्या घरी गेला” मधलं, तेही अरबीत हु वरच भागतं: “ज़हब इला बैतिहि”. घर त्याचं स्वतःचं की दुसऱ्याचं, हे पुढच्या-मागच्या वाक्यावरून ओळखायचं. इथं मराठी जास्त काटेकोर आहे, आणि हे सांगताना मला दर वेळी थोडा आनंद होतो.

कधी बैतुहु, कधी बैतिहि. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, विभक्ती आहे. नाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये एक ऱ्हस्व स्वर असतो आणि तो नामाचं वाक्यातलं काम सांगतो. कर्ता असेल तर उ, कर्म असेल तर अ, शब्दयोगीनंतर इ. बैतुक, बैतक, बैतिक, अर्थ तिन्हीचा तुझं घर. मागे इ आला की हु ला तो उच्चार जड जातो आणि त्याचा हि होतो: फ़ी बैतिहि, त्याच्या घरात. हुम चं तसंच हिम होतं. हा मात्र अढळ: फ़ी बैतिहा. “‘अलैहि” मध्येही हेच झालंय.

“माझं” ला हा त्रास नाही. ई हा प्रत्यय मधला स्वर गिळून टाकतो, म्हणून किताबी तिन्ही ठिकाणी किताबीच. पहिले दोन महिने नुसतं माझं-माझं करत राहिलात तर विभक्तीची एकही चूक होणार नाही.

वडील आणि भाऊ यांची रूपं वेगळी का?

अब आणि अख़ हे जुने आखूड शब्द आहेत, त्यांचा मधला स्वर लांबतो. अबूक तुझे वडील, म‘अ अबीक तुझ्या वडिलांबरोबर, आणि कर्म असतील तर अबाक. अख़ूक, अख़ीक, अख़ाक तसंच. पण “माझे वडील” साधे अबी आणि “माझा भाऊ” साधा अख़ी. “अबुल कलाम” मधला अबू हेच लांबलेलं रूप, फक्त पुढच्या अल ला चिकटून आखडलेलं.

सासऱ्यांना, साहेबांना “तुमचं” म्हणायचं तर कुम लावू का?

मराठी मनाला तेच सुचतं. मोठ्या माणसाला अरेतुरे कसं करायचं? पण अरबीत एका माणसाला कुम लावला तर “तुम्ही सगळे” असं ऐकू येतं. रोजच्या बोलण्यात वडील असोत, मालक असोत, क किंवा कि च लागतो आणि त्यात अपमान नाही. औपचारिक पत्रात आणि मोठ्या पदांना मात्र आदरानं कुम लिहितात.

बोलताना मान द्यायचा असेल तर इजिप्तमध्ये गोड रस्ता आहे: पुरुषाला “हद्रितक”, बाईला “हद्रितिक”. शब्दशः आपली उपस्थिती. हद्रा हा मूळ शब्द, आणि उर्दूत त्याचाच झाला “हजरत”. दडलेला त इथंही भेटला.

गाड्या आणि त्यांचे रंग: “त्यांचे” साठी हुम ना?

हुम माणसांसाठी. निर्जीव वस्तू आणि प्राणी अनेक झाले की अरबी त्यांना एक स्त्री समजते आणि हा लावते: अस-सय्यारात व अल्वानुहा. काहून, ते विचारू नका. काकांनी विचारलं होतं, अर्धा तास गेला आणि त्यांचं समाधान झालं नाही.

पासपोर्टला “जवाज़ सफ़र” म्हणतात. माझा पासपोर्ट कसा?

जवाज़ सफ़री. दोन नामं षष्ठीनं जोडलेली असतील तर प्रत्यय शेवटच्याला लागतो, पहिल्याला नाही. “आमच्या इमारतीचं दार” म्हणजे बाब ‘इमारतिना. “माझ्या भावाचं पुस्तक” म्हणजे किताब अख़ी. विमानतळावर घाईत नुसतं “जवाज़ी” म्हणतात, चालतं.

दुबई-कतारमध्ये कोणी “किताबुक” म्हणत नाही म्हणे. मग हे सगळं कशाला शिकायचं?

खरं आहे, तसं म्हणत नाहीत. बोलीत शेवटचा स्वर गळतो. मग क आणि कि दोन्ही नुसते क् होतील आणि बाई-पुरुष फरक मिटेल, म्हणून तो फरक आधीच्या स्वरात सरकतो: पुरुषाला किताबक्, बाईला किताबिक्. कुवेत, बहारीनकडे आणि इराकात बाईला “किताबिच” ऐकू येईल. पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला वाटलं, समोरची बाई मराठीतला ठासून सांगायचा “च” लावतेय. त्याचं चं “किताबुहु” न राहता बऱ्याच ठिकाणी “किताबो” च्या जवळ जातं.

शिवाय बोलींनी सुटं “माझं” घडवलंय. इजिप्तमध्ये बिता‘, शाम म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे तब‘अ, आखातात हग्ग किंवा माल. “माली” म्हणजे माझं, आपल्या मालमत्ता मधला माल. इजिप्तचं तर ऐकाच: पुस्तक असेल तर “इल-किताब बिता‘ई”, गाडी असेल तर “इल-‘अरबिय्या बिता‘ती”, वस्तू अनेक असतील तर “बितू‘ई”. म्हणजे वस्तूचं लिंग-वचन बघून रूप बदलतं, थेट माझा-माझी-माझे सारखं. वर जी सवय मोडायला सांगितली, तीच कैरोत कामाला येते.

तरी प्रत्यय सुटत नाहीत. नातेवाईक, अवयव, नाव, घर यांना बोलीतही प्रत्ययच लागतो. पाटी, अर्ज, करारपत्र, बातम्या पुस्तकी अरबीत असतात. आणि नोकरीचा करार वाचता आला पाहिजे, एवढ्यासाठी तरी शिकाच.

हेच प्रत्यय क्रियापदांना लागतात का?

लागतात, आणि तिथं ते “मला, तुला, त्याला” होतात. फक्त ई च्या जागी नी येतो. उहिब्बुकि, मी तुझ्यावर प्रेम करतो, बाईला. युहिब्बुनी, तो माझ्यावर प्रेम करतो. वर्गातली पोरं हा धडा आपणहून पुढे सरकवतात.

क आणि क़ मध्ये चुकलं तर काय बिघडतं?

क़ल्ब म्हणजे हृदय, कल्ब म्हणजे कुत्रा. लाडानं “या क़ल्बी” म्हणायला जाल आणि टिंब विसराल. पुढचं सांगत नाही.

लिपी न शिकता नुसतं देवनागरीत चालेल का?

दोन आठवडे चालेल. त्यानंतर अडेल, कारण बांधलेला त डोळ्यांनी सुटताना बघितल्याशिवाय पक्का बसत नाही. अक्षरं २८, उजवीकडून डावीकडे. ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांची जवळजवळ सगळी तयारी झालेलीच आहे.

सराव कसा करायचा?

वहीत बारा रूपांचे तक्ते उतरवत बसू नका. घरात चिकटवा. दारावर “बाबुना”, खिडकीवर “शुब्बाकुना”, पंख्यावर “मिर्वहतुना”. बॅगेवर मुलाचं नाव घालून “हक़ीबतुहु”, मुलगी असेल तर “हक़ीबतुहा”. एकच वस्तू घेऊन ती घरातल्या प्रत्येकाच्या हातात द्या आणि दर वेळी मालक बदलला की शब्द बदला.

मे महिन्यात आमच्या वर्गात कूलर लागतो. एसीला अरबीत “मुकय्यिफ़”, आणि कूलरला सौदीकडे “मुकय्यिफ़ सहरावी” म्हणतात, म्हणजे वाळवंटी एसी. विदर्भाच्या उन्हात याहून नेमका शब्द मिळणार नाही. एसीवाल्या पोरांनी त्याच दिवशी वाक्य करून आणलं: “मुकय्यिफ़ुना क़दीम”, आमचा कूलर जुना आहे. मी म्हटलं, आता “आमचा जुना कूलर” म्हणा. एकानं अल लावला, दुसरा विसरला, आणि पंधरा मिनिटं त्यांचंच भांडण चाललं.

हिवाळ्यात मी संत्र्यांची पिशवी नेते. एका संत्र्याला “बुर्तुक़ाला”, नावात पोर्तुगाल दडलेला. हातात घेऊन म्हणायचं, “हाज़िहि बुर्तुक़ालती”, हे माझं संत्रं (हाज़िहि म्हणजे हाज़ा चं स्त्रीलिंगी रूप). मग शेजारच्याला द्यायचं, आपण “बुर्तुक़ालतुक” म्हणायच्या आत त्यानं “ली” म्हटलं तर संत्रं त्याचं. जो त विसरेल त्यानं सोलून सगळ्यांना वाटायचं. गेल्या डिसेंबरात सगळ्यात जास्त संत्री काकांनी सोलली.